कोरी धाव

ओट्यावरून डब्याचं झाकण घसरलं आणि त्या गाढ शांततेत फरशीवर किती तरी वेळ गोल गोल घुमत राहिलं. ती जागच्या जागी थिजली. एक पाय पुढे, हातात चमचा, श्वास रोखलेला. झाकण एकदाचं आडवं झालं तसा तिने आतल्या खोलीकडे कान लावला. टिंगूने कूस बदलली, झोपेतच कुणाला तरी दम दिला आणि पुन्हा शांत झाली.

सुटले बाई, ती मनात म्हणाली.

सकाळचे साडेपाच वाजले होते. नवरा पहाटेच्या पाळीला गेला होता. तो गेल्यापासून पाच वर्षांची टिंगू उठेपर्यंतचा तास, तेवढाच काय तो तिच्या मालकीचा. तिने टेबलावरची खेळणी कोपराने बाजूला सारली आणि वही उघडली.

वहीत एकाच मुलीची पानं होती. तारीख, किती वेळा धावली, किती वेळा उडाली. उडालेल्या धावेपुढे बरोबरची खूण, नाहीतर फुली. सात आठवड्यांत बरोबरच्या खुणा चार. बाकी सगळं पान माशा बसल्यासारखं काळं.

कॉलेजच्या क्रीडा विभागात ती समुपदेशक होती. दुखापत झालेल्या मुलामुलींची हाडं फिजिओ बघायचा आणि मन ही बघायची, म्हणून तो 'हाडांचे सर' आणि ही 'मनाच्या बाई'. तिची खोली म्हणजे पूर्वी सामान ठेवायची जागा. कितीही पुसली तरी रबराचा वास जात नव्हता. भिंतीपलीकडे बर्फाचं मशीन होतं. एखादी मुलगी रडायच्या बेतात आली की नेमकं तेव्हाच ते धाडकन बर्फ ओतायचं. मग रडणं राहायचं बाजूला आणि दोघी हसत सुटायच्या.

वहीतली मुलगी होती बांबू. ताडमाड उंच, काटकुळी आणि खेळ बांबूउडीचा. तिचं खरं नाव काय ते हजेरीपटालाच ठाऊक. आताशा उडीचा पोल बांबूचा नसतो, फायबरचा असतो, पण ही मात्र बांबूच राहिली होती. आठ महिन्यांपूर्वी उडी घेताना ती पुढे गादीवर पडायच्या ऐवजी मागे, पोल रोवतात त्या खोबणीत येऊन आदळली. घोटा दोन ठिकाणी मोडला. पुढे तो जुळला. फिजिओने तपासून सांगितलं, "हा घोटा आता माझ्या संसारापेक्षा मजबूत आहे," आणि सही करून मोकळा झाला.

पण ते चार अपवाद सोडले तर बांबू उडत नव्हती. सोळा पावलं झोकात धावायची. शेवटच्या पावलाला हात डोक्यावर उचलायचे आणि पोलचं टोक खोबणीत रोवायचं, तर हात वर जायचेच नाहीत. पोल तसाच कुशीत धरून ती गादीशेजारून निघून जायची. मैदानावरच्या पोरी त्याला 'कोरी धाव' म्हणायच्या. पोरींना ती गंमत वाटायची, बांबूला नाही.

आणि शुक्रवारी फॉर्म जायचा होता. खेळाडू खेळायला परत योग्य आहे, असं सांगणाऱ्या त्या कागदावर तीन सह्या लागत: फिजिओची, प्रशिक्षकाची आणि मनाच्या बाईंची. फॉर्म गेला नाही तर रविवारच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून बांबूचं नाव बाद. सलग दुसरा हंगाम न खेळल्यामुळे वसतिगृहातली खोली बाद, खेळाडू म्हणून मिळालेली कॉलेजातली जागाही बाद. आणि समजा फॉर्म गेला, आणि सोळाव्या पावलाला पुन्हा तो घोटा खोबणीत आला, तर? त्या 'तर'शी ती आठवडाभर झुंजत होती. आज मंगळवार होता.

"आईऽऽ," आतून आवाज आला. तास संपला.

*

दुपारी बांबू आली ती दारात वाकून. दार चांगलं उंच होतं, पण तिला सगळीकडेच वाकायची सवय.

"मॅडम, आज परत डोळे मिटायचे?"

"मिटायचे."

"हॉस्टेलवर पोरी विचारतात, मनाच्या बाईंकडे जाऊन करतेस तरी काय? मी सांगते, झोपा काढते."

"सांग सांग. म्हणजे उद्यापासून सगळ्याच येतील."

काम सोपं होतं. बांबूने डोळे मिटून हातात स्टॉपवॉच धरायचं, मनातल्या मनात धावायचं, पहिल्या पावलाला बटण दाबायचं आणि पाठ गादीला टेकली की पुन्हा दाबायचं. खऱ्या उडीला सहा सेकंद लागतात. मनातली उडीही हळूहळू तेवढ्यातच बसायला लागते, आणि ती बसली की शरीर तिच्यामागे येतं, अशी ती पद्धत. पण बांबूचे आकडे पहिल्या दिवसापासून नऊच्या आसपास अडकले होते. नऊ, सव्वानऊ, कधी पावणेनऊ. मनात मुलं जरा रेंगाळतात, असं समजून तिने तिकडे काणाडोळा केला होता. आज पहाटे ते आकडे एकाखाली एक दिसले आणि तिच्या डोक्यात किडा वळवळला. दरवेळी तीन सेकंद जास्त. हे तीन सेकंद जातात कुठे?

"आज मनात नको," ती म्हणाली. "तोंडाने सांगत धाव."

बांबूने डोळे मिटले. बटण वाजलं.

"उभी आहे. पोल हातात. खडू जरा जास्त लागलाय, तळहात कोरडे पडलेत. सर डाव्या हाताला उभे आहेत."

"निघालीस?"

"नाही अजून."

"अगं, बटण तर दाबलंस."

"हो, पण आधी ते बोलतात ना."

"कोण?"

"सर." आणि मग बांबूच्या तोंडून तिच्या प्रशिक्षकांचा आवाज आला. तसाच घोगरा, तसाच घाईचा. "'तिसरी कोरी गेली तर पोल खाली ठेव आणि सरळ घरी जा. चल!'"

पलीकडे मशीनने धाडकन बर्फ ओतला. आज कुणालाच हसू आलं नाही.

बांबूने डोळे उघडले. आपण इतकं बोललो याचं तिलाच नवल वाटलं असावं. मग ती खाली बघत, पायातल्या बुटाचा बंद सोडत-बांधत सांगायला लागली. त्या दिवशी निवड करणारी माणसं आली होती. वारा पाठीमागून होता. पाठीमागून वारा आला की पावलं लांब पडतात आणि शेवटचं पाऊल खोबणीच्या फार जवळ, 'आत' पडतं. पाऊल आत पडलं असताना पोल रोवला, तर तो माणसाला पुढे फेकत नाही, मागे फेकतो.

"हे मला सरांनीच शिकवलंय मॅडम, मी चौदा वर्षांची होते तेव्हा. पाऊल आत पडलं, सोडून दे. लाजायचं नाही, परत यायचं. त्या दिवशी दोनदा आत पडलं, दोनदा सोडलं. मग सर म्हणाले, तिसरी कोरी गेली तर..." ती थांबली. "तिसऱ्यांदाही आतच पडत होतं. मला चौदाव्या पावलालाच कळलं होतं."

"मग?"

"मग काय. सरांचं ऐकलं."

खोलीत रबराचा वास आणि दोघींच्या मधे उघडी वही. बांबूची नजर त्या पानावर गेली आणि तिथेच राहिली.

"मॅडम, या फुल्या कसल्या?"

"त्या... कोऱ्या धावांच्या."

बांबू बोट ठेवून मोजायला लागली. एक, दोन, तीन. तिसऱ्या फुलीवर बोट थांबलं.

"तुम्ही किती झाल्या की घरी पाठवता?"

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. सात आठवडे ती जे करत होती ते एकदम समोर उभं राहिलं. सर ओरडून म्हणाले होते, कोरी धावू नकोस. तीही तेच म्हणत होती, फक्त हळू आवाजात, पाण्याचा ग्लास पुढे करून. ज्या पोरीला एकदाच, फक्त एकदाच 'नाही' म्हणता आलं नव्हतं, तिच्या अंगाने आता ते हट्टाने शिकून घेतलं होतं. आणि ही शहाणी रोज त्यावर फुली मारत बसली होती!

"चुकले मी," ती म्हणाली.

बांबूचं तोंड उघडंच राहिलं. मोठी माणसं असं म्हणतात हे तिला नवीन असावं.

"उद्या सकाळी सात वाजता मैदानावर ये. दहा धावा घ्यायच्या. दहाच्या दहा कोऱ्या. शेवटच्या पावलाला मोठ्याने म्हणायचं, 'नाही!'"

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

"आणि मधेच उडावंसं वाटलं तर?"

"बंदी आहे. उद्या उडालीस तर याद राख."

बांबू हसली. दात दिसेपर्यंत, सात आठवड्यांत पहिल्यांदा.

*

बुधवारी टिंगूला शेजारच्या काकूंकडे सोडून ती मैदानावर पोचली तेव्हा गवत दवाने भिजलेलं होतं. दोघींनी मिळून गादीवरची ताडपत्री ओढली. साचलेलं थंडगार पाणी तिच्या बुटात गेलं. बांबूने धावपट्टीच्या कडेला, धाव जिथून सुरू करायची तिथे, खुणेचा चिकटपट्टीचा तुकडा लावला, पोल उचलला आणि निघाली.

पहिलं 'नाही' चोरट्यासारखं आलं. दुसरं खोकल्यासारखं. चौथ्याला आवाज मोकळा झाला. सहाव्या 'नाही'ला मैदानाच्या पार टोकाला भाला फेकणारी मुलं माना वळवून बघायला लागली. नवव्याला बांबूने ते गाण्यासारखं लांबवलं आणि दहाव्याला ती हसून हसून गादीवर लोळली.

"हे काय चाललंय?"

सर आले होते. बुटका, रुंद माणूस, डोक्यावर उन्हाने विटलेली टोपी. हातात दोन केळी, एक स्वतःसाठी आणि एक बांबूसाठी. रोजचाच नेम होता तो.

"सराव, सर," ती म्हणाली.

"कसला? बोंबलायचा? सात आठवडे पोरगी तुमच्या ताब्यात दिली मॅडम, आणि तुम्ही तिला न उडायला शिकवताय?"

"ते तुम्हीच शिकवलं होतंत. ती चौदा वर्षांची असताना."

सरांच्या कपाळावरची शीर उडाली. "हिचा घोटा मोडला तेव्हा दवाखान्यातल्या बाकड्यावर मी बसलो होतो. तुम्ही नव्हता. हिच्या आईला फोन मी केला. काय सांगितलं असेल मी त्या माउलीला, आहे कल्पना?"

माणूस खोटं बोलत नव्हता. सात वर्षं त्याने या पोरीला केळी खाऊ घातली होती आणि त्याच तोंडाने एक दिवस 'घरी जा' म्हटलं होतं. दोन्ही खरं होतं.

गादीवरून बांबू उठली. "सर, एक अजून घेते."

"घे ना! चल!" सरांच्या तोंडून सवयीने निघालं.

बांबू धावली. सोळाव्या पावलाला पोल कुशीतच राहिला. ती गादीला वळसा घालून परत आली, धापा टाकत सरांसमोर उभी राहिली.

"बघितलंत? तुम्ही 'चल' म्हटलं की हात वरच जात नाहीत."

"म्हणजे आता माझा आवाजही नको?"

"धावपट्टीवर नको," बांबू म्हणाली. "केळं द्या."

सरांनी केळं दिलं. पण त्यांनी स्वतःचं खाल्लं नाही, खिशात घातलं आणि पाय आपटत निघून गेले.

गुरुवारी सकाळी ते आले नाहीत. दांडीच्या जागी दोघींनी रबरी दोरी बांधली होती. कोऱ्या धावांवर ना बक्षीस, ना फुली. पाऊल आत पडलं की बांबू 'नाही' म्हणायची आणि परत यायची. बाराव्या धावेला कुणीच काही म्हणालं नव्हतं, आणि पोलचं टोक खोबणीत ठक्क बसलं. पोल वाकला, पाय आभाळाकडे गेले. दोरीवरून पलीकडे पडल्यावर बांबू बराच वेळ उठलीच नाही. ती धावत गादीपाशी गेली, तर बांबू उताणी पडून आभाळाकडे बघत होती.

"मॅडम, पाऊल बरोबर होतं," ती म्हणाली. "मीच ठरवलं."

*

शुक्रवारी क्रीडाप्रमुखांच्या खोलीत फॉर्म टेबलावर ठेवला होता. भिंतीला लागून चषकांचं कपाट. आतल्या चषकांवर धूळ, काच मात्र लखलखीत. फॉर्मवर तिच्या वाट्याला दोन चौकटी होत्या: 'तयार' आणि 'तयार नाही'. तिने 'तयार'वर खूण केली आणि समासात बारीक अक्षरात लिहिलं: उडी घ्यायची की सोडायची हे खेळाडू स्वतः ठरवेल. धावपट्टीवर ती असताना तिला कुणीही हाक, इशारा किंवा सूचना देणार नाही.

प्रमुखांनी चष्मा कपाळावर चढवला. "मॅडम, या फॉर्ममध्ये अटी लिहायला जागा नाही."

"म्हणूनच समासात लिहिलं, साहेब."

"चौकटी दोन आहेत. एक निवडा."

"निवडलीय. अटीसकट ती तयार आहे. अट खोडलीत तर माझी सहीही खोडा."

खुर्चीत अवघडून बसलेल्या सरांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "मी हाक मारायची नाही, इशारा करायचा नाही. मग मी मैदानात करू काय? फुलं वेचू?"

"बघा," ती म्हणाली. "तिला पडताना बघितलंय तुम्ही. आता उडताना बघा."

प्रमुख खुर्चीत मागे रेलले. आवाज एकदम मऊ झाला, लोणी लावल्यासारखा. "सत्र संपलं की तुमच्या नेमणुकीचा कागद याच टेबलावर येतो. तुम्हाला लहान मूल आहे. विचार करा."

टिंगूची शाळा, घराचा करार, नवऱ्याची बदलती पाळी, सगळं एका क्षणात तिच्या डोळ्यांपुढून गेलं. आणि त्याच्या मागोमाग, कुठून कोण जाणे, राग आला. मुलाचं नाव काढून हा माणूस तिला धावपट्टीवर उभं करत होता आणि 'चल' म्हणत होता.

"येऊ दे कागद," ती म्हणाली. "समास तेवढा मोठा ठेवा."

दार न वाजवता उघडलं. बांबू होती. बाहेर बाकावर बसून तिने सगळं ऐकलं होतं. त्या दाराला आवाज अडवायची सवयच नव्हती.

"सर," ती आपल्या प्रशिक्षकांकडे बघून म्हणाली, प्रमुखांकडे नाही. "तुम्ही या अटीखाली सही केली नाहीत तर मी स्वतः नाव काढते. खोली आजच रिकामी करते. पोल तुमचा आहे, ठेवून जाते."

"मला धमकी देतेस?"

"हो," बांबू म्हणाली. "देतेय."

प्रमुखांचा चष्मा कपाळावरून नाकावर घसरला. सरांनी पेन उचललं. त्यांचे कान लालबुंद झाले होते. सही करताना त्यांनी इतका जोर दिला की कागदाला भोक पडलं. पेन ठेवून ते उठले आणि दाराशी बांबूला ओलांडताना, तिच्या खांद्यापर्यंतच पोचणारी मान वर करून म्हणाले, "रविवारी पोट भरून जेव. उपाशी येऊ नकोस."

*

रविवारी नवऱ्याची पाळी होती, म्हणून टिंगू बरोबर आली. पायऱ्यांवर बसून ती सफरचंद कुरतडत होती आणि प्रत्येक खेळाडूला मनाला येईल ते नाव ठेवत होती.

"आई, ती लांब ताई आपली ना?"

"आपली. आता बघ हं. एका उंचीला तीन वेळा उडायला मिळतं. प्रत्येक वेळी एक मिनिट. मिनिट संपलं की ते काका लाल झेंडा वर करतात."

दांडी तीन मीटरवर होती. पडण्यापूर्वी बांबू तीन साठ उडायची, ही उंची तिच्या खिशातली होती. पहिल्या संधीला ती धावली, पाऊल चुकलं, 'नाही' म्हणून परत आली, पुन्हा धावायला वेळ पुरला नाही. लाल झेंडा. पुढच्या ओळीत प्रमुखांनी मान हलवली.

दुसऱ्या संधीला ती चार पावलं गेली असेल नसेल, कठड्यापाशी उभ्या सरांच्या तोंडून निसटलंच, "चल!"

बांबू थांबली. वळली. पोल उभा धरून, साऱ्या पायऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "नाही!"

लोक हसले. सर ओशाळून खाली बसले. बांबूचं मिनिट संपलं, दुसरा लाल झेंडा वर झाला. आता एकच संधी. ती चुकली तर बांबू एकही उंची न ओलांडता बाद होणार, आणि सोमवारी प्रमुखांच्या टेबलावर काय बोललं जाईल ते सांगायला ज्योतिषी नको होता. तिने नकळत टिंगूचा हात इतका दाबला की टिंगू म्हणाली, "आई, माझी बोटं आहेत ती."

सरांनी टोपी काढली, तिची घडी केली आणि चक्क दातांत धरली.

बांबू उभी राहिली. घाई केली नाही. मिनिटातले वीस सेकंद तिने नुसते उभं राहण्यात घालवले. मग निघाली. चौदावं पाऊल, पंधरावं, आणि ठक्क. हात डोक्यावर, पोलची कमान, उलटं झालेलं लांबच लांब अंग, एकामागून एक दांडीवरून सरकणारे गुडघे, पोट, छाती. दांडी थरथरली. सगळं मैदान त्या दांडीकडे बघत राहिलं. ती थरथरत राहिली आणि राहिली.

पांढरा झेंडा वर झाला. सरांच्या तोंडातून टोपी पडली. पायऱ्यांवर तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, आणि बर्फाचं मशीन काही तिथे नव्हतं.

आता उरल्या होत्या तिघी. दांडी तीन वीसवर गेली आणि त्याच सुमाराला वारा फिरला. झेंडे खोबणीच्या दिशेने फडफडायला लागले. बांबू एकदा धावली, 'नाही' म्हणून परत आली. हात उंचावून वाऱ्याकडे बघितलं. मग पोल आडवा धरून पंचांच्या टेबलापाशी गेली.

"मी इथे थांबते."

"अजून तीनही संधी आहेत तुला," पंच म्हणाले.

"माहितीय. पाऊल आत पडतंय. आज नाही."

प्रमुख ताडकन उठले. "अहो, वारा तर पाठीशी आहे तिच्या! मॅडम, सांगा तिला काहीतरी! पदक हातात आलंय!"

"मला तिथे बोलायला बंदी आहे साहेब," डोळे पुसत ती म्हणाली. "तुमच्याच फॉर्मवर लिहिलंय. तुम्हालाही आहे."

"नेमणुकीचं बघतो तुमच्या."

"बघा."

कठड्यापाशी सर उभे होते. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. "आतच पडत होतं," ते कुणालाच उद्देशून न म्हणता म्हणाले. "चांगलं वीतभर आत." आणि त्यांनी आपले जाडजूड तळवे एकमेकांवर आपटले. एकदा, दोनदा. मग धावपट्टीवरच्या उरलेल्या दोघींनी पोल काखेत धरून टाळ्या सुरू केल्या, मग भालेवाली मुलं, मग पायऱ्या. बांबूने कुणाकडे बघितलं नाही. ती पोल पिशवीत भरत होती, बाळाला दुपट्यात गुंडाळावं तसा, घाई न करता. तिची खोली राहिली होती, जागा राहिली होती आणि घोटा जागच्या जागी होता.

तीही टाळ्या वाजवत होती. तळवे झोंबेपर्यंत वाजवल्या. मग घड्याळ बघितलं आणि पिशवी उचलली. बस दहा मिनिटांत निघणार होती.

"टिंगू, ऊठ. निघू या."

"नाही."

"टिंगू, बस जाईल. पुढची तासाने आहे."

"नाही म्हटलं ना. मला इथेच बसायचंय."

"हे बघ, नाटकं नकोत. उन्हात डोकं दुखेल मग रडशील. चल म्हणते ना मी! चल!"

टिंगूने उरलेलं सफरचंद नीट पायरीवर ठेवलं. मान वर करून आईकडे बघितलं. चेहऱ्यावर ना हट्ट, ना रुसवा, खरोखरच काहीतरी समजून घ्यायचं होतं तिला.

"आई, ती लांब ताई नाही म्हणाली, तर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तू पण वाजवल्यास. मग मी नाही म्हटलं की तू का गं ओरडतेस?"